डब्याची चूल, भोकांचा हिशेब

गेल्या अंकात या सदरात जाता जाता मी एक ओळ लिहिली होती, की सहलीला नेण्याजोगी काटक्यांची चूल घरातल्या दोन टाकाऊ डब्यांतून होते. त्या ओळीवर एकवीस पत्रे आली. त्याच अंकात वाकडा कोयंडा सरळ कसा करावा यावर मी पाऊण पान खर्च केले होते. त्यावर दोन पत्रे, त्यातले एक माझ्या भाच्याचे. तेव्हा हा अंक चुलीचा.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी सरकारी आयटीआयमध्ये ३१ वर्षे मुलांना शीट मेटल शिकवले. राहते पुण्यातल्या कसब्यात, तांबट आळीतल्या ठोक्यांच्या इतकी जवळ की घड्याळाचा गजर लावावा लागत नाही. पत्र्याबद्दल खुशाल विचारा. पोह्यांबद्दल विचारू नका.

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजचे पाच मित्र महिन्यातून एकदा ट्रेकला जातो. व्हिडिओ पाहून एका डब्याला खालून भोके पाडली आणि चूल केली. धूर इतका होतो की चहा होईपर्यंत सगळे रडत असतात, आणि पातेले बाहेरून डांबर फासल्यासारखे. लाकूड सुकेच होते. चुकले कुठे? (कर्वेनगर)

तुम्ही खाली भोके पाडलीत ती बरोबर. वरची राहिली.

आपण म्हणतो लाकूड जळते. पण ज्वाळा दिसते ती लाकडातून सुटलेल्या वायूची. काटकी दोन-अडीचशे अंशांपलीकडे तापली की तिच्यातून वायू सुटू लागतो, आणि सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असाच निघून जातो. मागे राहतो कोळसा. सुटलेला वायू पेटला तर ज्वाळा, न पेटता निसटला तर धूर. तुमच्या डब्यात खालून येणारी हवा निखाऱ्यांतच संपते. वर पोचलेल्या वायूला जळायला हवा नाही, आणि डोक्यावर पातेल्याचे गार बूड. मग तो बुडालाच चिकटतो. तुमच्या पातेल्यावरचे ते डांबर म्हणजे तुमचे न जळलेले लाकूड आहे.

उपाय असा, की याच वायूला दुसऱ्यांदा हवा द्यायची, आणि तीही तापवून. त्यासाठी डब्यात डबा.

आतला डबा एक किलो रसगुल्ल्यांचा घ्या. तो साधारण १० सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच असतो. बाहेरचा स्वयंपाकघरातला स्टीलचा, १३ सेंमी रुंद, १५ सेंमी उंच, झाकणासकट. प्रत्येक घरात असा एक पोचा आलेला डबा असतो, ज्यात काहीच ठेवत नाहीत आणि जो टाकूही देत नाहीत. तो मागून घ्या. न विचारता घेतलात तर पुढच्या पत्रांना मी उत्तर देणार नाही.

बाहेरचा डबा पालथा घाला. त्याचे बूड आता वर आले. त्यात आतल्या डब्याच्या अंगाएवढे गोल कापायचे. कडेएवढे नव्हे, अंगाएवढे. रसगुल्ल्याच्या डब्याला तोंडाशी दुमडलेली कड असते, ती या गोलावर अडकली पाहिजे आणि डबा आत लोंबकळला पाहिजे. गोल थोडा लहान कापला गेला तर बिघडत नाही, कडेने कात्रीने चिरा द्या आणि पाकळ्या आत वाकवा. त्या डबा घट्ट धरतात. मोठा कापला गेला तर मात्र दुसरा डबा शोधा. बाहेरच्याचे झाकण आता खाली येते. राख त्यात पडते आणि जमीन भाजत नाही.

आता भोके. आतल्या डब्याच्या बुडाला ५ मिमीची ३० भोके, जाळीसारखी. त्याच डब्याच्या अंगावर, तोंडापासून २ सेंमी खाली, ६ मिमीच्या २० भोकांची एक ओळ. कागदाची पट्टी डब्याभोवती गुंडाळा, ती ३१ सेंमीच्या आसपास भरेल. तिचे २० भाग पाडा, पुन्हा गुंडाळा, खुणा करा. नजरेने पाडायला जाऊ नका, शेवटची दोन भोके एकमेकांत शिरतात. बाहेरच्या पालथ्या डब्याला अगदी खाली, झाकणाच्या किंचित वर, १२ मिमीची १४ भोके.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत, हवेसाठी काढले आहेत. वरच्या २० भोकांचे क्षेत्रफळ मिळून ५.६ चौरस सेंमी, बुडाच्या ३० भोकांचे ५.९. दोन्ही मिळून साडेअकरा. बाहेरच्या १४ भोकांचे जवळजवळ १६. बाहेरून आत येणारा रस्ता आतल्या दोन्ही रस्त्यांच्या बेरजेपेक्षा रुंद हवा, बाकी तुमचा डबा कुठल्याही मापाचा असो. आत आलेल्या हवेतली काही बुडातून निखाऱ्यांकडे जाते. उरलेली दोन डब्यांच्या मधून वर चढते, चढताना आतल्या तापलेल्या पत्र्यावर तापते आणि वरच्या भोकांतून आत शिरते. नीट चालू लागली की त्या वीस भोकांपाशी वीस छोट्या ज्योती दिसतात, जणू गॅसचा बर्नर. पहिल्यांदा दिसतील तेव्हा पाचही जण ओरडाल. आमची मुलेसुद्धा ओरडायची, आणि त्यांना तर मी आधीच सांगितलेले असायचे.

पातळ पत्र्याला भोक पाडताना डबा चेपतो आणि ड्रिल घसरते. डब्यात बसेल असा लाकडाचा गोल ओंडका घाला, तो शिकंज्यात धरा, पंचने खूण ठोका, आधी ३ मिमीचे भोक आणि मग मोठे. स्टीलला ड्रिल हळू फिरवा, दाब जास्त द्या, थेंबभर तेल सोडा. जोरात फिरवलेत तर स्टील जागच्या जागी कडक होते, बिट निळे पडते आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देता. हातमोजे आणि चष्मा घाला. पत्र्याची चीर सुरीपेक्षा वाईट असते.

भांडे थेट तोंडावर ठेवायचे नाही, नाहीतर इतका खटाटोप करून पुन्हा झाकणच बसले. तोंड १० सेंमी रुंद असेल तर त्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. परीघ ३१.४. म्हणजे भांडे अडीच सेंमी वर असेल तर बाजूने बाहेर पडायला ३१.४ गुणिले २.५, तेवढीच ७८.५ चौरस सेंमी जागा मिळते. रुंदीचा चौथा हिस्सा, एवढे लक्षात ठेवले की पुरे. तिसऱ्या डब्याची ४ सेंमी उंच गोल कडी कापून भांड्याखाली तोंडावर ठेवा, तिला मधून काटक्या घालायला एक खिडकी ठेवा आणि वरची कड दातेरी करा.

पहिली आग स्वयंपाकाची नव्हे. रसगुल्ल्याच्या डब्याला आतून लाखेसारखा लेप आणि बाहेरून रंग असतो. रिकाम्या चुलीत एकदा कडक जाळ करा, तासभर, मोकळ्यावर, आणि वारा पाठीशी घेऊन उभे राहा.

पेटवताना बोटाएवढ्या जाड काटक्या उभ्या भरा, वरच्या भोकांच्या खालीच थांबा, आणि वरून पेटवा. हो, वरून. आग काटक्यांमधून खाली उतरत जाते आणि सुटणारा वायू तिच्यातूनच वर येतो. वरून पेटणाऱ्या वायूच्या चुलीवर अमेरिकेतल्या टॉम रीड यांनी १९८५ पासून बरेच काम केले, पण तत्त्व समजायला अमेरिकेला जायला नको. एकदा खालून पेटवून पाहा, एकदा वरून. डोळेच सांगतील.

माझ्या गच्चीवरचे मोजमाप : पाऊण लिटर पाणी, वर झाकण, बाभळीच्या ८५ ग्रॅम काटक्या, ९ मिनिटे. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळते, म्हणजे पंचवीसवरून तिथवर न्यायला सुमारे ५५ किलोकॅलरी लागल्या. सुक्या लाकडात किलोमागे चार हजार धरल्या तर मी ३४० जाळल्या. सहातला एक हिस्सा पाण्यात गेला, बाकी पाच कसबा पेठेला दिले. तरी तीन दगडांच्या चुलीपेक्षा बरे. संपूर्ण चूल ४३० ग्रॅम. आतला डबा वीस-पंचवीस वेळा पेटवल्यावर विरतो. मग पुन्हा रसगुल्ले.

आता तुम्हाला न आवडणारे. ही चूल गडावर पेटवायची नाही. राखीव वनात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि जानेवारीनंतर सह्याद्रीतले गवत पाहिलेल्या माणसाला कलम सांगावे लागू नये. राजगडाला जाता ना? पायथ्याला गुंजवण्यात ज्यांच्याकडे उतरता त्यांना विचारून त्यांच्या अंगणात पेटवा, शेजारी पाण्याची बादली ठेवून. वर जेवणाचा डबा घेऊन जा. तसेही तेराशे मीटरच्या वर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, डाळ शिजता शिजत नाही.

प्रश्न : घरातल्या जुन्या पत्र्याच्या बादलीची मोठी शेगडी केली. पहिल्याच दिवशी दोन तास पेटवली. रात्री हुडहुडी भरून ताप, अंग ठणकत होते, तोंडाला पितळ चाटल्यासारखी चव. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपोआप बरे. घरच्यांनी हवेवर ढकलले. शेगडीचा संबंध असेल का? (हडपसर, वय ५२)

मी डॉक्टर नाही, पण वर्कशॉपमध्ये हा ताप बरेचदा पाहिला आहे. तुमची बादली जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची होती. ओळखायची खूण म्हणजे त्या पत्र्यावर खडीसाखरेच्या खड्यांसारखी चकचकीत नक्षी दिसते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, ९०७ ला उकळते, आणि पेटत्या निखाऱ्यांना चिकटलेल्या पत्र्यावर त्याचा पांढरा धूर निघायला फार वेळ लागत नाही. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला ठाऊक आहे. शेगडीवर, विशेषतः जाळीजवळ, पिठासारखी पांढरी पूड बसली असेल तर शंका धरायला जागा नाही. डॉक्टरांना मात्र शेगडीची गोष्ट सांगाच. त्यांना बादली दिसलेली नसते.

आमच्याकडे समजूत होती की वेल्डिंगच्या आधी गूळ खावा किंवा दूध प्यावे म्हणजे धूर बाधत नाही. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात. त्यांची गाठ पडत नाही.

जस्त काढायला ॲसिड वगैरेचे उद्योग लोक सुचवतील. करू नका. ती बादली पाण्याला परत द्या, झाडांना घालायला चांगली आहे. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप, कूलरचा पत्रा, छपराचा पत्रा, सगळ्यांना हेच लागू.

प्रश्न : चुंबक लावून स्टील ओळखतात म्हणे. जुन्या बाजारात चुंबक घेऊन गेलो, चिकटला ते सगळे सोडून दिले. बरोबर केले ना? (शुक्रवार पेठ)

अर्धे बरोबर, आणि चुलीपुरते उलटे. भांड्यांतल्या ३०४ आणि २०२ या स्टीलना चुंबक धरत नाही. ४३० नावाच्या स्टेनलेस स्टीलला धरतो, आणि तेही न गंजणारे खरे स्टीलच आहे. उलट तापल्यावर ते ३०४ पेक्षा बरेच कमी फुगते, त्यामुळे चुलीत कमी वाकडे होते. चुंबक चिकटला म्हणून दुकानदाराने फसवले असे होत नाही.

मी काय करते ते सांगते. चुंबक चिकटला तर वस्तू हातात घेऊन कड बघते. कडेवर, ओरखड्यात, शिवणीत गंजाचा लालसरपणा असेल तर साधा पत्रा, तो नसेल आणि वर सांगितलेली जस्ताची नक्षीही नसेल तर बहुधा ४३०. साधा पत्राही चुलीला चालतो. फक्त तापून तापून त्याचे पापुद्रे निघतात आणि दोन मोसमांत तो चाळणी होतो. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही म्हणून ते स्टील समजून आणणारेही असतात. उचलून पाहा, हलके लागेल. ते ६६० अंशांना वितळते, जुना कुकर चुलीच्या पोटात घालू नका.

आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हे शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला मी सांगावे? बुधवारी जा. रविवारी गर्दीत डबा उलटा करून बघायला कोणी उसंत देत नाही. चमच्यांचे भोकांचे स्टँड दिसले तर एक उचला. खाली बोटभर उंचीची खिडकी कापलीत की दहा मिनिटांत चूल तयार. दुहेरी डब्याइतकी ती चांगली नव्हे, अंगभर भोके असल्याने वारा आला की ज्वाळा आडवी होते, पण पहिल्या रविवारी कोणालाही जमते.

प्रश्न : रॉकेट चूल केली. १५ किलो तेलाच्या चौकोनी डब्यात पत्र्याचा काटकोनी पाइप बसवला आणि भोवती वाळू-सिमेंट भरले, साधारण वीस किलो. उष्णता टिकेल असे वाटले. पण अर्धा तास पेटवूनही तीन लिटर पाण्याला उकळी येत नाही. (धायरी)

उष्णता टिकली आहे, वाळूत. हिशेब मांडा. वाळू-सिमेंटला किलोमागे एक अंश तापायला सुमारे ०.२ किलोकॅलरी लागते. वीस किलो, २०० अंश, म्हणजे ८०० किलोकॅलरी. तेवढ्यात अकरा लिटर पाणी उकळले असते. तुम्ही आधी अकरा लिटरांची वाळू उकळता, मग तीन लिटर पाणी.

जड वस्तू उष्णता साठवते, हलकी वस्तू उष्णतेला अडवते. तुम्हाला अडवणारी हवी होती. सिमेंट फोडून काढा आणि त्याच जागी चाळलेली कोरडी राख भरा. राखेत हवा अडकलेली असते, ती आतली भट्टी लवकर लाल होऊ देते. राख फुकट आहे, शिवाय चूल पेटवत गेलात की आपोआप वाढते. नर्सरीत कुंड्यांसाठी परलाइट नावाचे पांढरे हलके खडे मिळतात, तेही चालतील. मग डबा एका हाताने उचलता येईल. वीस किलोच्या चुलीला सहलीला नेण्याची चूल म्हणणारे तुम्ही पहिलेच.

ही चूल रचली ती लॅरी विनियार्स्की यांनी, अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये, १९८० च्या दशकात. भट्टीला हलका वेढा हवा, हा त्यांच्या मांडणीचा गाभाच आहे. व्हिडिओत तेवढेच गाळतात, कारण सिमेंट कॅमेऱ्यात छान दिसते. त्यांची आणखी एक गोष्ट तुमच्या फोटोत नाही. आडव्या तोंडात एक पट्टी बसवा, काटक्या पट्टीवर राहतील आणि हवा पट्टीखालून जाईल. आत्ता तुमची लाकडेच हवेची वाट बुजवून बसली आहेत. उभा पाइप रुंदीच्या अडीच ते तीन पट उंच ठेवा, १० सेंमीला २५-३० सेंमी.

आणि तो काटकोन साध्या पत्र्याचा असेल तर वर्षभरात कोपऱ्यात खाईल. मोटारीच्या जुन्या सायलेन्सरचा स्टेनलेसचा तुकडा मिळाला तर बघा. नाना पेठेत गाड्यांच्या जुन्या भागांच्या दुकानांत विचारा.

प्रश्न : अकराव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत ही चूल चालेल का? मुलांना पावसात तंबूतही वापरता येईल का? (वाकड)

नाही. आणि नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोप आल्यासारखे वाटते आणि माणूस उठत नाही. तंबूच्या दाराशीसुद्धा नको. बाल्कनीबद्दल तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांचे पत्र मला यायला नको.

प्रश्न : मुलाच्या शाळेचा प्रकल्प आहे. फ्रिजवाल्याकडून गॅसची रिकामी टाकी आणली आहे, आकार चुलीला अगदी योग्य. ग्राइंडरने कशी कापावी? (बिबवेवाडी)

कापू नये. टाकी रिकामी आहे हे तुम्ही ठरवले आहे, टाकीने नाही. आत दाबाखाली गॅस उरलेला असू शकतो. थिनरचे, पेट्रोलचे, रंगाचे डबे आणि सेंटचे फवारेही याच यादीत. थिनरच्या डब्यात थेंबभर द्रव उरला नसला तरी वाफ असते, आणि ग्राइंडरची ठिणगी तिची वाटच बघत असते. आमच्या वर्कशॉपमध्ये असा डबा कापायला घेणाऱ्या मुलाला मी आठवडाभर झाडू दिला होता. त्याच्या वडिलांनी येऊन तक्रार केली. आपण तसे वडील नसाल अशी आशा आहे. खाण्याच्या जिन्नसांचा डबा घ्या, प्रकल्प तितकाच छान दिसेल.

प्रश्न : आमच्याकडे उसाचे पाचट खंडीभर पडलेले असते, शेतातच पेटवून देतो. या चुलीत चालेल का? (थेऊर)

चालेल, पण तुम्ही चुलीपुढून उठू शकणार नाही. पाचट कागदासारखे भडकते आणि मिनिटभरात संपते. पेटवण म्हणून मूठभर उत्तम. त्याचे खरे सोने करायचे तर आधी कोळसा करावा लागतो. पुण्यातल्याच आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचटाचा कोळसा करायची भट्टी काढली आणि त्या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट बंद पिंपात हवेवाचून तापवायचे, कोळशाची पूड खळीत मळून कांड्या पाडायच्या. या कांड्या धुराशिवाय जळतात. गावात दोन-चार घरे मिळून करत असाल तर मला कळवा, पिंपाच्या झाकणाची घडी कशी मारायची ते मी येऊन दाखवीन. उसाचा रस चालेल.

तुमच्या अंगणात नारळ येत असतील तर करवंट्या फेकू नका. दुहेरी डब्यात करवंटीचे तुकडे काटक्यांपेक्षा संथ आणि जास्त वेळ जळतात.

एक दुरुस्ती. गेल्या अंकातल्या त्या ओळीत मी ‘रिव्हेट मारून’ असे म्हटले होते. कोणते, ते लिहिले नाही. दोन वाचकांनी ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट वापरले आणि जाळी निखाऱ्यांसकट खाली आली. चूक माझी, आणि त्यातून मी स्वतः गेलेली असल्याने जास्तच माझी. खूप वर्षांपूर्वी पानशेतच्या सहलीला मी केलेल्या पहिल्या चुलीचे पाय असेच सुटले होते, आठ जणांचा चहा गवतात गेला, आणि आमचे हे अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात. ज्वाळेजवळ लोखंडी रिव्हेट किंवा साधे नट-बोल्ट वापरा. त्याहून चांगले म्हणजे पत्र्याला पत्र्यात अडकवून घडी मारा, तिला वितळायला काही नसतेच. सोल्डरचा डाग तर नकोच, तो १८३ अंशांना मऊ पडायला लागतो. ज्वाळा सोडा, नुसत्या उकळत्या तेलानेही तो सुटतो.

प्रश्न : माझे वय ७६. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, आणि आई भुशाची शेगडी भरायची. सकाळी पेटवली की दुपारपर्यंत डाळ, भात, दूध, सगळे तिच्यावर व्हायचे आणि धूर अगदी थोडा. आज मुले नव्या चुली करतात त्या याच ना? बंब अजून माळ्यावर आहे. (सदाशिव पेठ)

याच, बाई. नाव बदलले. बंबाच्या पोटातून वर जाणारी नळी हे धुराडे आणि भट्टी एकच. आग मध्ये, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची पेटी. जाळीखालून हवा ओढली जाते ती वरच्या नळीच्या उंचीमुळे. कर्वेनगरच्या मुलांना मी वर जे पानभर सांगितले ते तुमच्या न्हाणीघरात उभे होते.

भुशाच्या शेगडीबद्दल तुम्ही लिहिलेत म्हणून मी या महिन्यात एक केली. आमच्याकडे आजी भरायची, पण लहानपणी मला हात लावू देत नव्हते, त्यामुळे शिकायचे राहून गेले होते. पाच लिटर तेलाचा पत्र्याचा डबा घेतला. खाली बाजूला ४ सेंमीचे भोक. त्या भोकातून आडवे एक लाटणे घातले, मधोमध उभी एक काचेची बाटली ठेवली, आणि भोवती भुसा हाताने दाबत दाबत भरला. पहिल्यांदा सैल भरला तर तासाभरात ढासळून विझला. दुसऱ्यांदा मुठीने ठोकून भरला. बाटली फिरवत वर काढली, लाटणे बाहेर ओढले, आणि खालच्या भोकातून पेटवण सरकवली. आग आतून बाहेर खात जाते. साडेतीन तास चालली. मधे दोनदा पातेले उतरवून पाहिले, भोकाच्या कडा लालबुंद, आणि वर एक शांत निळसर ज्योत. शेजारच्या मजल्यावरून कोणी खिडकी लावली नाही, याला मी पुराव्यात धरते.

भुसा टिंबर मार्केटमधून आणा, पण सागवान, बाभूळ, आंबा असा खऱ्या लाकडाचा. प्लायवूडचा आणि एमडीएफ या दाबीव फळीचा भुसा डिंकाचा असतो, त्याचा धूर छातीला वाईट. कोरडा आहे का ते मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर ओला.

तुमच्या बंबाबद्दल एक विनंती. पेटवायचा असेल तर आधी आतून कल्हई शाबूत आहे का ते बघून घ्या, आणि पाणी भरल्याशिवाय जाळ करू नका. रिकाम्या बंबाची कल्हई २३२ अंशांना वितळून खाली येते. जाळी मोडली असेल तर टाकू नका, मला तिचे माप पाठवा. आडवे किती, आणि दोन गजांमध्ये बोट जाते का तेवढे लिहा. तांबट आळीतून मी करून घेते.